अल-अझहर : ओवरी, भाकरी आणि हजार वर्षांचं विद्यापीठ

नाईलकाठ

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षांपूर्वी कैरोला आलो आणि मदीनत नस्र भागात घर घेतलं. दलालानं आधीच सांगितलं होतं, इथे 'तलबा' फार. तलबा म्हणजे विद्यार्थी. कुठले विद्यार्थी ते पहिल्याच आठवड्यात कळलं. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर सहा इंडोनेशियन मुली, समोर मलेशियन मुलं, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नायजेरियाचा नाहीतर थायलंडचा पोरगा रांगेत उभा. एकमेकांशी बोलताना सगळे ग्रंथातली अरबी बोलतात, कारण रस्त्यावरची इजिप्ती बोली त्यांना इथे येऊनच शिकावी लागते. 'हय्य अल-आशिर' म्हणजे दहाव्या भागात तर टेम्पे आणि बाक्सो विकणाऱ्या खानावळी आहेत.

ही सगळी अल-अझहर विद्यापीठाची मुलं. इथे शंभराहून जास्त देशांतले विद्यार्थी शिकतात. हे इजिप्तचं सरकारी विद्यापीठ आहे, पण त्याचं मूळ एका मशिदीत आहे. फातिमी खलीफांचा सेनापती जौहर अस-सिकिल्ली यानं ९६९ मध्ये इजिप्त जिंकला, अल-काहिरा म्हणजे कैरो वसवलं आणि पुढच्या वर्षी या मशिदीचं काम काढलं. ९७२ च्या रमझानात तिथे पहिली नमाज झाली. ९७५ मध्ये काझी अली इब्न अन-नुमान तिथे बसून आपल्या वडिलांचा कायद्याचा ग्रंथ समजावून सांगू लागले. पुढे वजीर याकूब इब्न किल्लिस यांच्या पुढाकारानं ३५ विद्वानांना पगार मिळाला आणि मशिदीलगत घरं मिळाली. शिकवणाऱ्याच्या राहण्या-जेवणाची सोय इतक्या आधी झाली होती.

मी हा धागा काढला तो रिवाकांसाठी. रिवाकला आपल्याकडे नेमका शब्द आहे, ओवरी. देवळाच्या आवाराभोवती ओवऱ्या असतात आणि वारकरी तिथे पथारी टाकतात, तशाच अझहरच्या अंगणाभोवती होत्या. फरक इतकाच की इथे ओवरी प्रदेशावरून ठरायची. मगरिबची म्हणजे मोरोक्को-अल्जीरिया-ट्युनिसकडच्यांची एक, शामची म्हणजे सीरियाकडची एक, तुर्कांची, कुर्दांची, येमेनींची, जावाकडच्यांची, सुदानातल्या सिन्नारची, चाड सरोवराजवळच्या बोर्नूची, आफ्रिकेच्या शिंगातल्या जबर्तींची. हिंदी लोकांचीही एक होती, रिवाक अल-हुनूद. प्रत्येक ओवरीचा एक शेख, तिचा स्वतःचा ग्रंथसंग्रह आणि तिच्या नावानं लावून दिलेलं वक्फाचं उत्पन्न. त्यातून विद्यार्थ्याला रोजच्या भाकऱ्या मिळायच्या. त्या शिध्याला 'जिराया' म्हणत. अंध विद्यार्थ्यांसाठी १८व्या शतकात उस्मान कतखुदा नावाच्या अमीरानं वेगळी जागा बांधून दिली होती.

वर्ग खांबापाशी भरत. एक खांब एका शेखचा. तो टेकून बसायचा आणि मुलं भोवती कडं करून. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खांबांकडेच पाहत राहिले. ते त्याहून जुन्या इमारतींतून आणलेले आहेत, म्हणून एकाचंही डोकं दुसऱ्याच्या डोक्याशी जुळत नाही.

तुमच्यापैकी कुणाचा या विषयाशी संबंध आला असेल तर जरूर लिहा.

गवती चहा

ओवरी वाचून थांबले. माझे आजोबा पुण्यात वार लावून जेवले आणि शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्यांच्याही आधीच्या पिढीत माधुकरी मागून वेदपाठशाळेत राहिलेले आहेत. पोट ज्यांनी सांभाळलं त्यांची नावं आजोबांना शेवटपर्यंत पाठ होती, गुरुजींच्या नावाआधी ती यायची. पण आपल्याकडे ही सोय घरोघरची आणि जातीजातीची होती. हजारो मैलांवरून आलेल्या परक्या भाषेच्या मुलासाठी कायमची ओवरी आणि कायमची भाकरी हे मला खरंच मोठं वाटतं.

दोन प्रश्न. आता तिथे फक्त धर्मच शिकवतात का? आणि तुमच्या वरच्या मुली म्हणजे मुलींनाही प्रवेश आहे, तो कधीपासून?

नाईलकाठ

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच साल आहे, १९६१.

त्याआधीची वाट थोडक्यात सांगते. 'आलिमिय्या' या पदवीसाठी रीतसर परीक्षा १८७२ च्या कायद्यानं आली. तोवर शेखनं दिलेली इजाजा, म्हणजे 'हा ग्रंथ हा माझ्याकडे शिकला, आता तो शिकवू शकतो' अशी परवानगी, हीच पदवी होती. मुहम्मद अब्दुह यांनी १८९० च्या दशकात सुधारणांसाठी जिवाचं रान केलं आणि त्यांना आतूनच विरोध झाला. १९३० मध्ये तीन विद्याशाखा झाल्या: धर्मतत्त्वं, शरीयत आणि अरबी भाषा.

मग राष्ट्राध्यक्ष नासिरच्या राजवटीत १९६१ चा कायदा क्रमांक १०३ आला. वैद्यक, अभियांत्रिकी, शेती, वाणिज्य या शाखा आल्या आणि मुलींचं महाविद्यालय आलं. इथल्या भावी डॉक्टरला शरीरशास्त्रासोबत कुराण आणि फिक्ह म्हणजे धर्मकायदा हेही अभ्यासावं लागतं. मुलामुलींच्या शाखा आजही पूर्ण वेगळ्या आहेत. वरच्या सहापैकी चौघी इस्लामी विषय शिकतात, दोघी अरबी साहित्य.

रिवाकांची जागा आता 'मदीनतुल बुऊस'नं घेतली आहे. अब्बासिया भागातली परदेशी विद्यार्थ्यांची ही वसाहत १९५० च्या दशकातली. शिष्यवृत्तीवाल्यांची सोय तिथे होते. बाकीचे आमच्यासारख्यांचे शेजारी होतात.

सह्यकडा

छान धागा. आपले मौलाना आझादही अझहरमध्ये शिकले होते, हा महाराष्ट्राशी आणखी एक धागा. अहमदनगरच्या किल्ल्यात ते १९४२ ते ४५ कैदेत होते.

जुना कायदेवाला

सह्यकडा, किल्ल्याचं बरोबर, अझहरचं नाही. ही चूक इतक्या ठिकाणी छापली गेली आहे की तुमचा दोष नाही. आझादांचा जन्म मक्केचा, शिक्षण कोलकात्यात घरी, वडील आणि नेमलेले शिक्षक यांच्याकडे. १९०८ च्या सुमारास ते कैरोला गेले ते प्रवासी म्हणून. तिथल्या शिक्षणपद्धतीनं बुद्धीला वळण लागत नाही, असं स्पष्ट मत त्यांनी आत्मकथनात नोंदवलं आहे आणि त्यामुळे आपण तिथे शिकायला जाण्याचं कारणच नव्हतं असंही म्हटलं आहे.

महाराष्ट्राशी खरा दुवा दुसराच आहे. मी तो गेली तीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलोय, तर इथेही सांगतो.

नाईलकाठ यांनी लिहिलं की ९७५ मध्ये अली इब्न अन-नुमान वडिलांचा ग्रंथ शिकवू लागले. ते वडील म्हणजे काझी अन-नुमान, फातिमी राजवटीचे सर्वांत मोठे कायदेपंडित. फातिमी इस्माइली शिया होते, म्हणजे अझहरचा पहिला अभ्यासक्रम शिया होता. ११७१ मध्ये सलाहुद्दीननं फातिमी खिलाफत संपवली. अझहरमधली शुक्रवारची नमाज जवळजवळ शतकभर बंद राहिली. १२६६ मध्ये सुलतान बैबर्सनं ती पुन्हा सुरू केली, तोवर अझहर सुन्नी झाली होती. काझी अन-नुमानचे ग्रंथ मग कुठे गेले? कैरोत नाही राहिले. ते जपले तय्यिबी इस्माइलींनी, म्हणजे बोहरा ज्या शाखेचे तिनं, आधी येमेनमध्ये आणि १६व्या शतकात धर्मपीठ हिंदुस्थानात आल्यावर गुजरात-मुंबईच्या बोहरा घरांमध्ये, हातानं नकला करून करून.

आता असफ अली असगर फैझी. जन्म माथेरानचा, १८९९. सुलेमानी बोहरा. मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य. फातिमी कायद्याचा ध्यास घेतलेला माणूस. १९४९ ते ५१ ते भारताचे इजिप्तमधले राजदूत होते आणि काझी अन-नुमान यांच्या 'दआइम अल-इस्लाम' या मुख्य ग्रंथाची संपादित आवृत्ती त्यांनी काढली. तिचा पहिला खंड १९५१ मध्ये कैरोतच छापला गेला! ज्या शहरातून तो कायदा आठशे वर्षांपूर्वी हद्दपार झाला, तिथे तो माथेरानला जन्मलेल्या माणसानं परत नेला. फैझींनी आपला हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिला. राजाबाई टॉवरखालून जाताना मला दर वेळी याची आठवण होते.

चांदणवेल

कायदेवाला, अंगावर काटा आला. भेंडीबाजारातल्या रौदत ताहेरावरून लहानपणापासून जात आले. आता कळतंय की त्याची घडण कैरोच्या जुयूशी मशिदीवरून का घेतली असेल. माझ्या बोहरा मैत्रिणीच्या घरी कैरोच्या अल-हाकिम मशिदीचा फोटो आहे. तीही फातिमी काळातली, आणि पडझड झालेली ती मशीद १९८० मध्ये त्यांच्या सय्यदनांनीच, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूंनी, पुन्हा उभी केली असं ती अभिमानानं सांगते.

जुना कायदेवाला

अगदी खरं. दुसरी फातिमी शाखाही विसरू नका. १०९४ मध्ये खलीफा मुस्तन्सिरच्या मृत्यूनंतर वारसावरून फूट पडली. एका फांदीचे पुढे बोहरा झाले, दुसरीचे निझारी म्हणजे आगाखानी खोजा. पहिले आगाखान मुंबईत स्थायिक झाले, त्यांची कबर माझगावच्या हसनाबादेत आहे. अझहरची स्थापना करणाऱ्या घराण्याच्या दोन्ही जिवंत परंपरांचा मुक्काम मुंबईत पडला.

माहीमचा समुद्र

बोहरा-खोजांचं झालं, आता आम्हा कोकणी मुसलमानांचंही ऐका. सुन्नींमध्ये धर्मकायद्याचे वेगवेगळे पंथ आहेत. देशातले बहुतेक सुन्नी हनफी, आम्ही इमाम शाफईंना मानणारे शाफई. समुद्रानं आलेल्या अरब व्यापाऱ्यांबरोबर हा पंथ किनाऱ्याला लागला, केरळपासून रत्नागिरी-रायगडपर्यंत. वरच्या मजल्यावरच्या इंडोनेशियन मुलीही बहुधा शाफईच असतील, तीच समुद्रवाट. इमाम शाफई ८२० मध्ये फुस्तातला म्हणजे जुन्या कैरोत वारले, त्यांची कबर तिथेच आहे. माझ्या आजीनं हजहून परतलेल्या एका नातेवाइकाला पहिला प्रश्न विचारला होता, "मिसरला उतरलास का रे, आपल्या इमामाकडं?"

माहीमच्या दर्ग्यातले मखदूम अली माहिमी शाफई विद्वान होते. उरसात पोलीस पहिली चादर चढवतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं, ते फार थोड्यांना. १५व्या शतकाच्या सुरुवातीला माहीमच्या बेटावर बसून लिहिलेलं ते भाष्य १९व्या शतकात कैरोच्या बुलाक छापखान्यात छापलं गेलं.

नाईलकाठताई, एक विनंती. पुन्हा गेलात तर रिवाक अल-हुनूद कुठे होता ते कुणाला विचाराल का?

स्पष्टच बोलते

सगळं वाचलं, आवडलंही. पण मला एक गोष्ट टोचते, ती बोलणार. हे सरकारी विद्यापीठ आहे, करदात्यांच्या पैशावर चालतं. इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिस्ती लाखोंनी आहेत. त्यांच्या मुलीला अझहरच्या वैद्यकीय शाखेत जाता येतं का? माझ्या माहितीप्रमाणे नाही, कारण प्रवेश अझहरच्याच माध्यमिक शाळांमधून होतो आणि तिथे इस्लामी शिक्षण सक्तीचं. मग सार्वजनिक कुठल्या अर्थानं?

दुसरं, वैचारिक स्वातंत्र्य. १९२५ मध्ये अली अब्द अर-राझिक या अझहरच्याच विद्वानानं खिलाफत ही धर्माची गरज नाही असं लिहिलं, तर त्याला उलेमांच्या यादीतून काढलं.

तिसरं, बायकांचा प्रश्न. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांसह मुंबईत विधानभवनावर तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला. २०१७ मध्ये इजिप्तच्या राष्ट्राध्यक्षांनी तोंडी तलाक मानू नये असं सुचवलं, तर अझहरच्या ज्येष्ठ विद्वानांच्या मंडळानं नकार दिला. ओवऱ्या आणि भाकऱ्या यांच्या जोडीला हेही लिहा.

नाईलकाठ

लिहायलाच हवं होतं, तुमचं बरोबर आहे. प्रवेशाचं तुम्ही म्हणता तसंच आहे. इथेही त्यावर वाद होतो आणि मला स्वतःला ते पटत नाही. जिथे वैद्यक आणि अभियांत्रिकी सरकारी खर्चानं शिकवतात तिथे देशातल्या सगळ्या मुलांना दार उघडं हवं. निदान त्या शाखा तरी.

तलाकचं थोडं पुढे सांगते. एका दमात तीनदा म्हटलेला तलाक एकच धरायचा, हे इजिप्तच्या कायद्यात १९२९ पासून आहे. २०१७ चा वाद होता तो नोंदणीशिवाय नुसता तोंडी दिलेला तलाक वैध धरायचा का यावर. मंडळानं तो वैध ठरवला, पण नवऱ्यानं ताबडतोब नोंद करावी, न करणाऱ्याला शिक्षा करावी असंही म्हटलं. माझी शेजारीण वकील आहे. तिच्या मते खेटे बायकांनाच घालावे लागतात, कारण कागद नसेल तर ना नवरा आहे ना सुटका आहे.

पण 'सार्वजनिक' या शब्दावर मला अडायचं आहे. अझहर पूर्वी सरकारी नव्हती, वक्फावर चालायची. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचा शासक मुहम्मद अली यानं वक्फाच्या जमिनी ताब्यात घेतल्या, नासिरच्या काळात उरलेल्या वक्फांचा कारभार मंत्रालयाकडे गेला. स्वतःची भाकरी गेली तशी अझहर सरकारच्या ताटात जेवू लागली. १९६१ पासून शेख अल-अझहरची, म्हणजे सर्वोच्च प्रमुखाची, नेमणूक राष्ट्राध्यक्ष करत. २०१२ नंतर ज्येष्ठ विद्वानांचं मंडळ हा प्रमुख निवडतं. म्हणजे २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांना नाही म्हणणारं मंडळ निवडीचा अधिकार नुकताच परत मिळालेलं होतं. त्या नकाराचा विषय मला आवडत नाही, पण सरकारला नकार देऊ शकणारी संस्था या देशात फारशी दुसरी उरलेली नाही. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी मान्य कराव्या लागतात.

आणि वेगळ्या अर्थानं ती सार्वजनिक होतीच. ऑक्टोबर १७९८ मध्ये नेपोलियनविरुद्ध कैरो उठलं तेव्हा उठावाचं ठाणं अझहर होती. फ्रेंचांनी तिच्यावर तोफा डागल्या आणि सैनिक घोड्यांसह मशिदीत शिरले. १८०० मध्ये फ्रेंच सेनापती जनरल क्लेबरला भोसकून मारणारा सुलेमान अल-हलबी अलेप्पोहून आलेला अझहरचा विद्यार्थी होता, त्यानंतर फ्रेंच जाईपर्यंत अझहर बंदच राहिली. १९१९ च्या ब्रिटिशविरोधी क्रांतीत सर्गियुस नावाच्या कॉप्टिक धर्मगुरूंनी अझहरच्या मिंबरवर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर, चढून भाषण केलं. ज्या दारातून आज त्यांच्या समाजाच्या मुलीला प्रवेश नाही, तिथेच. तुमचा प्रश्न या प्रसंगामुळे मला जास्त टोचतो.

स्पष्टच बोलते

धन्यवाद. सर्गियुस यांचं माहीत नव्हतं.

सह्यकडा

चुकीबद्दल क्षमस्व, कायदेवाला. एक शंका: जगातलं सर्वांत जुनं विद्यापीठ अझहर की मोरोक्कोतलं करावीन?

जुना कायदेवाला

क्षमा कसली. फेझची करावीन मशीद परंपरेनुसार ८५९ ची, फातिमा अल-फिहरी या बाईंनी बांधलेली, म्हणजे अझहरहून शंभरेक वर्षं जुनी. तीही १९६३ मध्ये सरकारी विद्यापीठ झाली. 'विद्यापीठ' कशाला म्हणायचं यावर हा क्रम ठरतो, त्यात फार अडकू नये. मला जास्त मोलाची वाटते ती ये-जा. इतिहासकार इब्न खलदून ट्युनिसहून आला आणि १३८० च्या दशकात अझहरमध्ये शिकवू लागला. १९५२ ते ५४ या काळात तर शेख अल-अझहर या सर्वोच्च पदावर ट्युनिशियात जन्मलेले मुहम्मद अल-खिद्र हुसैन होते. परदेशी विद्यार्थी सगळेच घेतात, परक्या देशात जन्मलेल्याला मुख्य पीठावर बसवणं फार कमी ठिकाणी घडतं.

माळावरचा

मी मालेगावचा. धाकट्या भावाला मदरशातून आलिम म्हणजे धर्मपंडित झाल्यावर अझहरला जायचंय. इथे एजंट लोक काहीही सांगतात. कुणी नीट सांगेल का?

नाईलकाठ

भाऊ, एजंटला पैसे देण्याआधी हे बघा. पहिली गोष्ट 'मुआदला', म्हणजे त्याच्या मदरशाचं प्रमाणपत्र अझहर आपल्या माध्यमिक प्रमाणपत्राच्या बरोबरीचं मानते का. काही भारतीय मदरशांशी अशी समकक्षता आहे, सगळ्यांशी नाही. मदरशाच्या कार्यालयात लेखी विचारा. दुसरं, अरबी. वाचता येणं आणि वर्गात कळणं यात फार अंतर आहे. अरबेतर विद्यार्थ्यांसाठी इथे शेख झायेद यांच्या नावाचं भाषाकेंद्र आहे, पातळी कमी पडली तर आधी तिथे जावं लागतं आणि तो काळ अभ्यासक्रमाच्या वर्षांत धरलेला नसतो. तिसरं, शिष्यवृत्ती मिळाली तर वसाहतीत सोय होते, नाहीतर भाड्याचं घर आणि स्वयंपाक स्वतः. निघण्याआधी त्याला भात-वरण करायला शिकवा, हे मी मनापासून सांगतेय. आल्यावर मला इथे निरोप टाका, पहिले काही दिवस आमच्याकडे जेवेल.

माळावरचा

ताई, डोळ्यांत पाणी आलं. आईला वाचून दाखवलं.

नाईलकाठ

माहीमचा समुद्र, काल वरच्या एका मुलीसोबत अझहर मशिदीत जाऊन आले. २०१८ मध्ये मोठं दुरुस्तीकाम पूर्ण झालं, तेव्हापासून अंगणाचा संगमरवर डोळे दिपवतो. ठिकठिकाणी मुलं येरझारा घालत पाठांतर करत होती. रिवाक अल-हुनूदबद्दल एका वयस्क सेवकाला विचारलं. जुन्या ओवऱ्या आता तशा राहिल्या नाहीत, कालांतरानं सगळं बदललं, असं म्हणाला. मग त्यानं विचारलं, कुठल्या. मी हिंद म्हटलं. त्यानं मगरिबची आणि तुर्कांची बाजू हातानं दाखवली आणि एका कोपऱ्याकडे बोट करून म्हणाला, बहुतेक त्या अंगाला. खात्रीचं नाही, म्हणून फोटो टाकत नाही.

सोबतच्या मुलीला मी इमाम शाफईंच्या कबरीवर जाऊन आलीस का असं विचारलं. म्हणाली, कैरोला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी, आजीनं बजावून पाठवलं होतं. तुमच्या आजीचं वाक्य मी तिला सांगितलं. ती ते इंडोनेशियनमध्ये फोनवर तिच्या आजीला सांगत बसली, आम्ही खांबाला टेकून.